दाजीपूर ते खिद्रापूर : पाण्याच्या वाटेने चार दिवस

कोल्हापूरला येणारी बहुतेक मंडळी अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा एवढं करतात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात आणि हायवेला लागतात. त्यात वाईट काही नाही, पण जिल्ह्याचं खरं रूप दिसतं ते पाण्याच्या वाटेवर. सह्याद्रीच्या माथ्यावर दाजीपूरच्या रानात पडलेला पाऊस भोगावतीत उतरतो, राधानगरीच्या धरणात थांबतो, प्रयाग चिखलीला पंचगंगा होतो, कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडाला घासून जातो, नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतो आणि खिद्रापूरच्या कोपेश्वराजवळून कर्नाटकात शिरतो. सदाहरित रान, संस्थानकाळातलं धरण, सातवाहनांच्या वेळची वसाहत आणि शिलाहारांचं देऊळ, सगळं एकाच पाण्यावर आहे. म्हणून ही सहल वरून खाली करावी. खिद्रापूर आधी आणि जंगल नंतर असं केलं तर चार सुटी ठिकाणं बघितल्यासारखं होतं.

हंगाम निवडताना पावसाचा हिशेब डोक्यात ठेवा. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण १०००, आणि खिद्रापूर ज्या तालुक्यात आहे त्या शिरोळात त्याच्या निम्माच. शंभरेक किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक! त्यामुळे जुलैमध्ये वरच्या भागात धुक्यापलीकडे काही दिसत नाही, अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, आणि शिरोळात स्वतःचा पाऊस बेताचा असूनही वरून आलेल्या पाण्याने रस्ते बुडालेले असतात. एप्रिल-मेमध्ये रान वाळतं आणि खाली ऊन सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, आणि त्यातही नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात उत्तम. का, ते तिसऱ्या दिवशी कळेल. निघण्याआधी वन विभागाकडून प्रवेश सुरू झाल्याची खात्री करून घ्या. पाऊस लांबला की आतले रस्ते वाळायला वेळ लागतो आणि प्रवेशाची तारीख पुढे जाते.

पहिला दिवस : राधानगरी

कोल्हापूर ते राधानगरी अंतर साधारण ५५ किलोमीटर. हळदी, परिते असा भोगावतीच्या काठाकाठाने रस्ता जातो. दीड तास पुरेल असं वाटतं, पण नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झालेली असते. कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढत असतात, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. दोन तास धरा आणि हा रस्ता अंधारात गाडी चालवून करू नका. एसटीने जायचं असेल तर मध्यवर्ती स्टँडवर आदल्या दिवशीच वेळ विचारून ठेवा, आणि ती गाडी दाजीपूरमार्गे पुढे कोकणात उतरणारी आहे का तेही विचारा. दुसऱ्या दिवशी उपयोग होतो.

गावाचं नाव राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येवरून, राधाबाई अक्कासाहेबांवरून आलं. धरणाच्या जलाशयाचं नाव लक्ष्मी तलाव, महाराणी लक्ष्मीबाईंवरून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराजांनी हे काम हाती घेतलं. ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. आज साठा सुमारे ८.३६ टीएमसी. महाराष्ट्रातल्या नंतरच्या धरणांपुढे हा आकडा छोटा वाटेल, पण कोल्हापूरच्या भोगावती खोऱ्यातली ऊसशेती या पाण्यावर उभी राहिली.

इथे बघायची गोष्ट म्हणजे ७ स्वयंचलित दरवाजे. पावसाळ्यात कोल्हापूरच्या पेपरात रोज बातमी असते, 'राधानगरीचे दोन दरवाजे उघडले', 'चार उघडले', आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की कुणीतरी बटण दाबलं. तसं नाही. पाणी ३४७.५ फुटांच्या पातळीला पोचलं की पाण्याचा दाब आणि दरवाजाला तोलून धरणारं वजन यांचा समतोल मोडतो आणि दरवाजा आपोआप उघडतो. पातळी उतरली की तोच दरवाजा स्वतःच मिटतो. विजेची गरज नाही, माणसाच्या हुकमाचीही नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. म्हणून कोल्हापुरातली जुनी माणसं दरवाजांचा आकडा ऐकूनच पंचगंगा किती चढणार याचा अंदाज बांधतात. नोव्हेंबरात दरवाजे बंद असतात आणि तलाव जवळपास काठोकाठ असतो. पाणी वाहत नसल्यामुळे रचना उलट नीट दिसते. भिंतीवर जायला परवानगी लागते. न विचारता कॅमेरा घेऊन चढू नका, आणि ड्रोन तर नकोच.

दुपारी राऊतवाडीचा धबधबा. गावापासून जवळ आहे. नोव्हेंबरात धार बारीक होते, त्यामुळे व्हिडिओत बघितलेला पांढरा लोट मिळेल या आशेने गेलात तर हिरमोड होईल. पण पाणी कमी असतं तेव्हाच कड्याचा काळा बेसाल्ट थरावर थर रचल्यासारखा दिसतो, आणि पुढे देवळांत ज्या दगडातली शिल्पं बघायची तो हाच दगड. तळाच्या दगडांवर शेवाळ असतं. रबरी तळाची चप्पल तिथे हमखास घसरते. पकड असलेले बूट घाला किंवा सरळ अनवाणी जा.

मुक्काम राधानगरीत किंवा दाजीपूरच्या बाजूला करावा. दुसरा पर्याय मला जास्त पटतो, कारण पहाटेचे पाऊण-एक तास वाचतात. मात्र पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं राधानगरीतच घेऊन ठेवा. पुढे मोबाईलची रेंज तुटक होते आणि ऑनलाइन पैसे अडकतात. रात्री गारठा चांगलाच असतो, स्वेटर हवाच.

दुसरा दिवस : दाजीपूरचं रान

राधानगरी अभयारण्य म्हणजेच लोकांच्या तोंडचं 'दाजीपूर अभयारण्य'. १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेलं, राज्यातलं सगळ्यात जुनं अभयारण्य हेच. १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि आज क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या, त्यात हे नाव आहे. जुन्या पाट्यांवर 'बायसन' लिहिलेलं दिसेल. बायसन हा अमेरिकेतला आणि युरोपातला प्राणी. इथला तो गवा.

फाटकावर उजाडताना पोचा. आतले रस्ते जांभ्याचे, कच्चे. पावसाने मधली माती वाहून जाते आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये दगडाचा उंचवटा राहतो. बुटकी कार तिथे पोटाला घासते आणि ऑइल चेंबर फुटतो. आपली गाडी फाटकाशी लावून स्थानिक जीप करा, सोबत वाटाड्या घ्या. जीपचं भाडं, प्रवेश फी, गाडीची फी आणि कॅमेऱ्याची फी वेगवेगळी असते. चौघे-पाचजण मिळून गेलात तर परवडतं. माणशी दोन लिटर पाणी आणि डबा बरोबर ठेवा. आत काही मिळत नाही. प्लास्टिक आत नेलं तर मोजून परत आणा.

रानात शिरलं की दोन प्रकारची जमीन आलटून पालटून येते आणि तो फरक ओळखता आला की जनावरंही सापडतात. एक दाट रान: अंजनी, जांभूळ, हिरडा, फणस, ऐन. फांद्या एकमेकांत अडकलेल्या, खाली कुजणाऱ्या पानांचा थर, सकाळी दहालाही सावली ओली. दुसरा सडा: माथ्यावरचं उघडं जांभ्याचं पठार, ज्यावर माती वीतभरही नाही म्हणून झाड उभं राहत नाही, नुसतं गवत. सावराई सडा त्यातला नावाजलेला. गवा दिवसा सावलीत रवंथ करतो आणि पहाटे व संध्याकाळी सड्याच्या कडेला चरायला येतो. दुपारी बारा वाजता फेरी मारून 'काहीच दिसलं नाही' म्हणणाऱ्यांचं चुकतं ते इथेच. दोन फेऱ्या शक्य नसतील तर फक्त पहाटेची करा.

गवा दिसला की आधी पाय बघा. अंग काळपट तपकिरी आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. मोठा नर ८०० ते १००० किलोचा असतो. तो थांबून तुमच्याकडे एकटक बघतो, नाकाने फुस्स करतो; तो इशारा समजा. इंजिन बंद, बोलणं बंद, गाडीतून उतरायचं नाही. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर त्याला तुमचा वास आधी लागतो आणि कळप रानात सरकतो. म्हणून जाणता वाटाड्या आधी धुळीची चिमूट उडवून वारा कुठला ते बघतो आणि मग गाडी कुठे थांबवायची ते ठरवतो.

वर मान करून चालणाऱ्याला शेकरू दिसतं. तांबूस पाठ, लांब झुपकेदार शेपूट, आणि फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचं भलंमोठं घरटं. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, तेव्हा घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहेच असं नाही. पंखांचा इंजिनासारखा घोंघाट डोक्यावरून गेला तर तो धनेश.

जळवांचं सांगायला हवं. पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत रेंगाळला असेल तर पाचोळ्यात त्या नोव्हेंबरातही असतात. पॅंट मोज्यात खोचा आणि मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळा. चिकटलीच तर ओढून काढू नका. नखाने तोंडाच्या बाजूने सरकवत सोडवा. ओढली की जखम फाटते. रक्त बराच वेळ थांबत नाही, कारण जळू रक्त गोठू न देणारा स्राव सोडते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही; जखम धुवून दाबून धरा.

एक दिवस जास्त असेल तर तो इथे घाला आणि कोल्हापूरमार्गे गगनबावड्याच्या रस्त्यावरचं पळसंबे गाठा. झाडीत, ओढ्याच्या पात्रात, एकेका अखंड शिळेतून कोरून काढलेली छोटी देवळं तिथे आहेत. गावकरी रामलिंग म्हणतात. रान आणि कोरीव काम एकाच जागी, हातभर अंतरावर बघायचं तर जिल्ह्यात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पावसाळ्यात ओढा भरला की शिळांपर्यंत जाणं अवघड होतं. दगडावर शेंदूर, खडू, नावं काही लावू नका.

तिसरा दिवस : बरगे, ब्रह्मपुरी आणि किरणं

सकाळी परतीच्या वाटेवर भोगावतीवरच्या एखाद्या बंधाऱ्याशी मुद्दाम थांबा. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्रभर शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, पण बरगे घालताना फार थोड्यांनी बघितलेलं असतं. नदीत ओळीने दगडी किंवा काँक्रीटचे खांब. प्रत्येक खांबाला दोन्ही अंगांना उभ्या खाचा, एकामागे एक अशा दोन. पावसाळा सरला की माणसं खांबांवरून एकेक बरगा, म्हणजे जाड फळी, खाचेत सोडतात. एक खाली बसली की तिच्यावर दुसरी. अशा दोन भिंती उभ्या राहिल्या की मधल्या पोकळीत माती ठासतात आणि गळती थांबते. पावसाआधी सगळे बरगे पुन्हा काढतात, म्हणजे पुराचं पाणी आणि गाळ बिनअडथळा निघून जातो. बरगे काढायला उशीर झाला आणि वळिवाच्या पाण्याने नदी चढली तर फळ्या वाहून जातात, शिवाय अडलेलं पाणी काठ फोडून शेतात घुसतं. खांबावर उभं राहून बघितलं की एका बाजूला तुडुंब डोह आणि दुसऱ्या बाजूला उघडे पडलेले गोटे दिसतात.

मग प्रयाग चिखली, कोल्हापूरच्या अगदी जवळ. कासारी इथे भोगावतीला मिळते. कुंभी आणि तुळशीचं पाणी वरच भोगावतीत आलेलं असतं, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि इथून पुढे नाव पंचगंगा.

दुपारी टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय. सोमवारी बंद असतं, तेव्हा सहलीचा तिसरा दिवस सोमवारी येणार नाही असं बघा. पंचगंगेच्या काठावरचं ब्रह्मपुरीचं टेकाड १९४० च्या दशकात उकरलं गेलं, तेव्हा सातवाहन काळातली वसाहत हाती लागली. आज टेकाडावर फारसं काही दिसत नाही. जे निघालं ते बरंचसं या संग्रहालयात आहे. त्यात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्रॉंझची मूर्ती आहे. आकार इतका लहान की घाईत चालणारा माणूस तिच्यासमोरून निघून जातो. थांबा. एक हात वर उचललेला, त्यात कधीकाळी त्रिशूळ असावा. पोटाचे, मांडीचे स्नायू ओतीव कामात स्पष्ट उठलेले. वजन एका पायावर टाकलेलं. समुद्रापासून एवढ्या आत, नदीकाठच्या गावात हा देव आला तो भूमध्य समुद्राकडच्या व्यापारातून, कोकणच्या बंदरांवरून घाट चढून. काल ज्या डोंगरात तुम्ही गवा शोधत होता, त्याच रांगेतल्या कुठल्या तरी वाटेने.

संध्याकाळ अंबाबाईची. दरवर्षी ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव असतो. पश्चिमेच्या महाद्वारातून मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. हेच दिवस का? सूर्य २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो. त्या तारखेच्या सुमारे सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो, आणि मंदिराचा अक्ष त्या जागेशी जुळतो. ढग, हवेतली धूळ किंवा वाटेत आलेल्या इमारती यांमुळे कधी किरणं मध्येच अडतात. एका दिवसावर भिस्त ठेवू नका. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीचा प्रकार आहे, गर्दी त्याच्याही दोन तास आधी जमते. या दिवसांत यायचं नसेल तर देवळाला बाहेरून शांतपणे प्रदक्षिणा घाला. तारकाकृती पाया कोनाकोनाने फिरत जातो, भिंतीवर योगिनींच्या आणि वादकांच्या मूर्ती आहेत, आणि सावली तिरकी असते तेव्हाच त्या उठून दिसतात.

रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध प्या. पेला फेसासकट हातात येतो, कोमट असतो, साखर लागत नाही.

चौथा दिवस : नृसिंहवाडी आणि खिद्रापूर

सकाळी सातला निघा. नृसिंहवाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम आणि दत्ताच्या पादुका. घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून पाणी किती खाली आहे ते बघा आणि मग मागे देवळाकडे बघा. पुरात हेच पाणी पायऱ्या चढून मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि लोक त्या वाहत्या पाण्यात स्नानाला लांबून येतात. पुराकडे असं बघणारी माणसं या काठावर पिढ्यान् पिढ्या राहतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. शिरोळचे लोक हे दोन आकडे पाठ असल्यासारखे सांगतात. वाडीहून बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. पेढे परतताना घेतले तरी चालतील.

पुलावरून कुरुंदवाड, तिथून सैनिक टाकळीच्या बाजूने खिद्रापूर. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत. उतरताना कंडक्टरलाच परतीची वेळ विचारा, नाहीतर कुरुंदवाडपर्यंत वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप, शोधावी लागते.

कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४ चा, देवनागरी लेख दक्षिण दरवाजाजवळ आहे. आत घाईने शिरू नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी. पायाशी गजपट्ट आहे, ओळीने उभे हत्ती आणि त्यांच्यावर बसलेल्या देवता, जणू सगळं देऊळ त्यांनी पाठीवर उचललंय. पुष्कळ सोंडा फुटलेल्या आहेत. शाबूत असलेला एखादा हत्ती निवडा आणि त्याच्या गळ्यातल्या घंटेची साखळी कडीकडीने बघा. राऊतवाडीला बघितलेला तोच काळा कठीण बेसाल्ट, आणि त्यात ही कडी.

मग स्वर्गमंडप. मध्ये १२ खांबांचं वर्तुळ, वर छताऐवजी सुमारे १३ फुटांचं गोल उघडं आभाळ, आणि बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. वर्तुळाच्या आतल्या कडेला आपापल्या वाहनांवर अष्टदिक्पाल आहेत; ते बघायला मान दुखेपर्यंत वर करावी लागते, शिळेच्या काठाशी बसून बघितलं तर सोपं जातं. नोव्हेंबरात भर दुपारी उन्हाचा कवडसा शिळेवर बरोबर पडत नाही, उत्तरेकडे सरकलेला असतो, कारण सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तो नेमका डोक्यावर येतो मेच्या पहिल्या पंधरवड्यात. पण पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या उलट बाजूला असतो. सूर्य जितका दक्षिणेला, तितका चंद्र उत्तरेला, म्हणून कार्तिकातल्या त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र इथे जवळजवळ डोक्यावर येतो आणि चांदणं त्या गोलातून थेट शिळेवर उतरतं. त्या रात्री गर्दी असते. यायचं असेल तर मुक्कामाची सोय कुरुंदवाडला किंवा वाडीला आधी करून ठेवा.

पुढे सभामंडप अंधारा आहे. उन्हातून आल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की खांब एकेक करून पुढे येतात: चौकोनी, अष्टकोनी, गोल, आणि काही इतके गुळगुळीत की हाताची सावली त्यात दिसते. मोबाईलने फोटो काढलात तर बाहेरचा उजेड पांढराफट्ट येतो आणि आतलं काळंठिक्कर. जाळीच्या खिडकीकडे पाठ करून काढा. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर शिवाचं आणि धोपेश्वर विष्णूचं. समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे, कर्नाटकातल्या यडूरला आहे असं मानतात.

निघण्याआधी देवळाच्या मागे कृष्णेच्या काठावर जा. पात्र रुंद, संथ, पाणी गढूळ हिरवं. पूर येतो तेव्हा याच देवळात पाणी भरतं आणि ओसरलं की गाळ धुवायला गाव लोटतं. दगडाच्या खाचांत हा पिवळट गाळ नोव्हेंबरातही सापडतो, हत्तींच्या पायांशी जास्त. उजेड असेपर्यंत कुरुंदवाड गाठा. उसाच्या ट्रॉल्या इकडेही आहेतच.